रात्री हाक मारली तर कोण येणार?

दोन मोडलेल्या संसारांतून उभं राहिलेलं घर संध्याकाळी सातपर्यंत इतर कुठल्याही घरासारखंच दिसतं. डबे घासायला पडलेले असतात, कुणाचा तरी गृहपाठ राहिलेला असतो, कुकरच्या शिट्ट्या होत असतात. गाद्या घालायची वेळ झाली की मात्र ते घर वेगळं दिसायला लागतं. कोण कुणाच्या शेजारी झोपणार, दिवा कोण मालवणार, मध्यरात्री दचकून जाग आली तर कुणाला हाक मारायची, हे मूल तोंडाने विचारत नाही. ते पाणी मागतं. मग त्याला शू लागते, पोटात दुखतं, चादर टोचते. मोठ्यांना हे नखरे वाटतात. खरं तर मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासून पाहत असतं: मी हाक मारली तर कोण येणार? झोपायच्या वेळचा रोजचा क्रम म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. ते रोज सारखंच मिळायला हवं.

अशा घरासाठी आपल्या भाषेत धड शब्दही नाही. ‘सावत्र’ आहे, पण तो ‘सवत’च्या कुळातला. निधीवाटपात एखाद्या भागावर अन्याय झाला की आपण ‘सापत्न वागणूक’ म्हणतो, इतका त्या शब्दाला डाग लागलेला आहे. म्हणून तो बाजूला ठेवून एक घर डोळ्यांपुढे आणू. पुण्या-ठाण्याकडचा टू-बीएचके. आईबरोबर आलेला मुलगा तिसरीत आहे. त्याचे वडील दुसरीकडे राहतात आणि शनिवार-रविवार तो त्यांच्याकडे असतो. नव्या बाबांची मुलगी आठवीत. तिची आई वारली. शिवाय बाबांची आई, म्हणजे आजी, हॉलमधल्या दिवाणावर झोपते. घरात पाच माणसं आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाची झोपायची जुनी सवय वेगळी आहे.

सगळ्यात नाजूक जागा धाकट्याची. आपल्याकडे मुलं आईजवळच झोपतात आणि त्यात काही चूक नाही. पण घटस्फोटानंतरच्या दोन-तीन वर्षांत ही सवय आणखी घट्ट झालेली असते. रात्री आईच्या पोटावर हात टाकून झोपायचं, एवढीच एक गोष्ट त्या काळात बदललेली नसते. मग आई पुन्हा लग्न करते आणि नेमकी तीच जागा जाते. घर नवं, शाळा कदाचित नवी, माणसं नवी आणि वर रात्रीची कूसही गेली. हे सगळं एका महिन्यात करू नये, असं मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. अंथरूण वेगळं करायचं तर लग्नाच्या दोन महिने आधी सुरुवात करावी. ते जमलं नसेल तर लग्नानंतर तीन महिने थांबावं. लग्नाच्याच आठवड्यात ते केलं, तर या नव्या माणसाने माझी आई नेली असं मूल समजतं, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकत नाही.

अंथरूण सरकवायचं ते वीतभर वीतभर. आपल्या घरात मुलाची गादी शेवटी आजीच्या दिवाणाशेजारी यायची आहे, असं धरू. पहिले पंधरा दिवस आईने हॉलमध्ये त्याच्या शेजारीच झोपावं. नव्या नवऱ्याला हे लग्नाआधी सांगून ठेवावं लागतं. लग्नानंतर सांगितलं तर तो रुसवा सहा महिने पुरतो. त्यानंतर आईची गादी हातभर लांब, मात्र हात धरता येईल इतकी जवळ. चार-पाच रात्रींनी आईने गादीऐवजी खुर्चीवर बसायचं आणि तो झोपला की उठायचं. आणखी चार-पाच रात्रींनी खुर्ची पॅसेजच्या तोंडाशी न्यायची. शेवटी आई आपल्या खोलीत, दार अर्धं उघडं, आणि दर पाच मिनिटांनी एक फेरी. ही फेरी मुलाने हाक मारण्याच्या आधी व्हायला हवी. हाक मारल्यावरच आई येते असं ठरलं, तर हाका वाढत जातात. मध्ये ताप आला, भांडण झालं किंवा तो वडिलांकडून परतला, की गाडी मागे येणारच. तेव्हा एकच पायरी मागे जायचं. थेट कुशीत परत घेतलं तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

खुर्चीची पायरी गाळावीशी वाटते, पण ती गाळू नये. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपण सगळेच किंचित जागे होतो आणि कूस बदलून पुन्हा झोपतो. डोळा लागताना जे शेजारी होतं तेच मूल तेव्हा चाचपून बघतं. आईच्या मिठीत झोपलेल्या मुलाला अकराच्या सुमाराला मिठी सापडली नाही, तर ते पूर्ण जागं होतं आणि बेडरूमच्या दाराशी येऊन उभं राहतं. अपराधीपणामुळे रोज शेजारी पडून मुलाला झोपवायचं आणि मग हळूच निसटायचं, हा उपाय म्हणूनच उलटतो. प्रेम कमी पडलेलं नसतं. झोप लागतानाची परिस्थिती आणि जाग आल्यावरची परिस्थिती वेगळी पडलेली असते.

हॉलमध्ये मूल झोपवायचं म्हणजे साडेआठला टीव्ही बंद. अशा घरांत मुलाची झोप बिघडण्याचं निम्मं कारण तिथेच सापडतं. आजीची मालिका त्याच वेळेला असते आणि तिचं घर आधीपासूनचं. मालिका फोनवर, कानात इअरफोन घालून, आतल्या खोलीत, हे बाबांनी आजीला सांगायचं. सुनेने पहिल्या महिन्यात हे सांगितलं तर त्याचं खापर मुलाच्या डोक्यावर फुटतं.

आता कुणी काय करायचं ते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी अशा कुटुंबांवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांच्या मांडणीत आतला माणूस आणि बाहेरचा माणूस हे दोन शब्द मध्यवर्ती आहेत. आई आणि तिचं मूल आतले, नवा बाबा बाहेरचा. दुसऱ्या जोडीत हेच उलट. शिस्त सुरुवातीला आतल्या माणसाने लावायची आणि बाहेरच्याने आधी ओळख वाढवायची, हे त्यांचं म्हणणं रात्रीच्या वेळी अक्षरशः पटतं. ‘आता पुरे, झोप’ हे वाक्य पहिले काही महिने पोटच्या पालकाच्याच तोंडून यायला हवं. नव्या पालकाने वस्तूंकडचं काम घ्यावं: बाटली भरून उशाशी ठेवणं, मच्छरदाणी खोचणं, पंखा दोनवर की तीनवर ते विचारणं, दप्तराची चेन लावून ते दाराजवळ ठेवणं. ही कामं बारीक वाटतात, पण ती रोज त्याच माणसाने केली की मूल त्या माणसाची वाट बघायला लागतं. कपडे बदलणं, अंघोळ, अंगाला तेल, मिठी ही अंगाची कामं मात्र पोटच्या पालकाचीच. पुढे मुलाने स्वतःहून जवळीक केली तर गोष्ट वेगळी.

मग गोष्ट सांगणं. ते नव्या पालकाकडे हळूहळू जाऊ शकतं. आधी आई सांगत असताना तो दाराशी उभा राहून ऐकेल. काही दिवसांनी एखाद्या पात्राचा आवाज काढेल. पुढे आठवड्यातली एक ठरलेली रात्र त्याची, समजा बुधवार, आणि तेव्हा आई घरातच असेल. आई बाहेरगावी गेल्यावर पहिल्यांदाच नव्या बाबाने झोपवायला घेतलं, की हमखास रडारड होते.

कुठली गोष्ट सांगायची याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. ध्रुवबाळाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वडिलांच्या मांडीवर बसायला निघालेल्या ध्रुवाला सावत्र आई सुरुची हटकते आणि तो रानात निघून जातो. ती गोष्ट टाळावी असं मी म्हणणार नाही. शाळेत, कीर्तनात, आजीच्या तोंडून ती कानावर येणारच. पण ती दिवसाउजेडी सांगावी, दिवे मालवल्यावर नको. दिवसा मूल विचारू शकतं, ‘मग उत्तानपाद राजा गप्प का बसला?’ हा प्रश्न मुलं खरंच विचारतात आणि तो मोलाचा आहे. अंधारात मात्र मूल प्रश्न विचारत नाही, गोष्ट तशीच घेऊन झोपतं. कैकेयीचंही तेच.

घड्याळाचं गणित या घरात वेगळंच त्रांगडं होऊन बसतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली दिलेल्या शिफारशी अशा: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप, १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. म्हणजे आपल्या धाकट्याची शाळा ९ ला. तो सव्वासातला उठला तरी चालतं आणि १० तास धरले तर सव्वानऊला झोपला तरी पुरतं. थोरलीची शाळा सकाळच्या अधिवेशनात. ती पावणेसहाला उठणार. ८ तास म्हटले तरी पावणेदहाला तिला झोप लागायला हवी, ९ म्हटले तर पावणेनऊला. मोठ्याला जास्त वेळ जागायला मिळतं हा मुलांच्या जगातला पक्का कायदा, आणि इथे तो जवळजवळ मोडतो. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं आणि मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक उशिरा स्रवायला लागतं. ‘मला झोपच येत नाही’ असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते.

अशा घरात ‘त्याला का सूट आणि मला का नाही’ याचा अर्थ चटकन ‘तो तिचा आणि मी तुमची’ असा होतो. त्यामुळे झोपायची वेळ इयत्तेवर बांधावी, मुलावर नको. चौथीपर्यंत नऊला दिवा बंद. सातवीपर्यंत साडेनऊ. आठवीपासून पुढे पावणेदहा. फ्रिजवर कागद लावून ठेवावा आणि दोघांपैकी कुणी विचारलं की कागदाकडे बोट दाखवावं. पाचवी-सहावीत असून सकाळची शाळा असलेल्या मुलाला हे वेळापत्रक कमीच पडतं. तिथे आठवड्यातल्या दोन संध्याकाळच्या शिकवण्या कमी करण्यापलीकडे दुसरा उपाय मला दिसत नाही. सुटीच्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त उशीर करू नये, नाहीतर सोमवारची सकाळ सगळ्या घराला महागात पडते.

थोरलीला मात्र धाकट्याच्या नऊनंतरचा अर्धा तास एकट्या बाबांबरोबर मिळायला हवा. आई गेल्यानंतरच्या वर्षांत तिची रात्र पूर्णपणे बाबांची होती. दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची इथपासून भाजीत मीठ किती इथपर्यंतचं सगळं त्या वेळेत बोलून झालेलं असतं. नव्या लग्नात तो वेळ कुणी हिरावून घेत नाही, तो नुसता आटत जातो. म्हणून तो ठरवून ठेवावा. बाल्कनीत, फोन आत ठेवून, वीस मिनिटं पुरतात. तिची खोली पहिले सहा महिने तरी वाटून देऊ नये. आईचा फोटो जिथे आहे तिथेच राहू द्यावा. दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, कपडे बदलताना कडी लावायची, हा नियम घरातल्या प्रत्येकासाठी, धाकट्यासाठीही आणि मोठ्यांसाठीही, पहिल्या दिवसापासून.

एका संध्याकाळचा क्रम असा बसतो: साडेसातला जेवण. आठला दप्तर भरून दाराशी. सव्वाआठपर्यंत कोमट पाण्याची अंघोळ, दहा मिनिटं. कोमट पाण्याने त्वचेकडे रक्त येतं, मग अंगातली उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरायला लागतं. ते उतरलं की पेंग येते. दात घासून साडेआठला पांढरी ट्यूब बंद, पिवळा दिवा चालू. पावणेनऊला गोष्ट, एकच. नऊला दिवा बंद. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, अगदी बशीतला घोटभरही. सध्या मूल साडेदहालाच झोपत असेल, तर पहिल्याच दिवशी नऊचा हट्ट करू नये. नऊला पडून साडेदहापर्यंत तळमळणं याचीही सवय लागते. सव्वादहापासून सुरुवात करून दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटं मागे यावं.

पाणी, शू, अजून एक गोष्ट या फेऱ्यांसाठी एक साधी युक्ती आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं एक कार्ड करून मुलाला द्यायचं. दिवा बंद झाल्यावर ते कार्ड दाखवून एकदाच बाहेर यायचं, कुठल्याही कारणासाठी. काम झालं की कार्ड जमा आणि परत अंथरुणात. न वापरता सकाळपर्यंत राहिलं तर नाश्त्याला हवं ते सांगायचा हक्क. या घरांत ते लागू पडण्याचं कारण असं की कार्ड कुणाकडेही चालतं. नव्या बाबाने ते घेतलं तर तो शिस्त लावत नाही, नुसतं कार्ड घेतो.

रविवारची रात्र या सगळ्याला अपवाद आहे. मूल संध्याकाळी सहाला दुसऱ्या घरून परत येतं. पहिला तासभर ‘काय केलंस, काय खाल्लंस, तिकडे कोण होतं’ यातलं काही विचारू नये. जेवायला वाढावं. झोप अर्धा-पाऊण तास उशिराच येणार हे धरून चालावं आणि त्यावरून वाद घालू नये. दोन घरांची वेळापत्रकं तंतोतंत जुळवायला गेलं की जुनी भांडणं उकरली जातात. शेवटचे तीन टप्पे जुळले तरी पुष्कळ झालं: दात, गोष्ट, दिवा. टूथब्रश, रात्रीचे कपडे, दम्याचा पंप असेल तर तो, हे दोन्ही घरी वेगवेगळं असावं, म्हणजे दर शनिवारी पिशवी भरताना कुणाला तरी शिव्या बसत नाहीत.

मुलाला निरोप्या करू नये. दोन्ही पालकांनी एकमेकांना थेट चार ओळींचा मेसेज पाठवावा: रात्री किती वाजता झोपला, दुपारी झोपला का, शेवटचं काय खाल्लं, औषध दिलं असेल तर कुठलं आणि किती वाजता. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर लागतं. तिकडे पाचला दिलं आणि इकडे ताप पाहून सातला पुन्हा दिलं, असं अबोल्यामुळे सहज होऊन जातं. एरवीच्या दिवशी दुसऱ्या पालकाचा फोन जेवणाआधी, दहा मिनिटं, आतल्या खोलीत. अंथरुणात पडल्यावर नको, त्याने रडू येतं. स्पीकरवरही नको, कारण त्याच घरात अशी एक मुलगी आहे जिला आईचा फोन कधीच येणार नाही.

मध्यरात्रीचं आधी ठरलेलं असावं. पहिल्या हाकेला पोटचा पालक उठेल. तो घरात नसेल आणि नव्याला उठावं लागलं, तर आधी दुरूनच आपलं नाव सांगावं, ‘काका आहे रे, दिवा लावतोय’, मग जवळ जावं. काका म्हणतो की बाबा, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. झोप लागल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे पण ओळख नाही, ढकलून देतंय, असं असेल तर ती गाढ झोपेतली भीती असते. उठवू नये, लागणार नाही एवढं पाहावं. सकाळी त्याला काही आठवत नाही. अशा वेळी धावून गेलेल्या नव्या आईला वाटतं, मी नकोशी आहे म्हणून ढकललं. सख्ख्या आईलाही ते तसंच ढकलतं. पहाटेची वाईट स्वप्नं वेगळी. ती आठवतात आणि तेव्हा जवळ बसणं लागतं.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं तर डॉक्टरांना दाखवावंच. ताण हे एक कारण असतं, पण बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, क्वचित मधुमेहही असतो. तोवर गादीवर रबरी कापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा रबरी कापड आणि चादर. रात्री दोनला वरची जोडी ओढून काढली की खालचं अंथरूण तयार. चादर पोटच्या पालकाने धुवावी आणि आजीपुढे विषय काढू नये.

कागदाचीही एक बाजू आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते सांगताना आई-वडील या शब्दांत सावत्र आई-वडील येत नाहीत, असा स्पष्ट खुलासा आहे. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ नव्या पालकावर येऊ शकते. म्हणून लसीकरणाचं कार्ड, ॲलर्जीची चिठ्ठी, वजन आणि दोन्ही पालकांचे नंबर एका फाइलमध्ये, कपाटाच्या दर्शनी कप्प्यात ठेवावेत.

राहिली गोधडी. ती दोन्ही घरांत एकच असते आणि मुलाबरोबर पिशवीतून जाते-येते. आईकडच्या आजीच्या नऊवारीची, काठ विरलेला, एका कोपऱ्यातले धावदोरे सुटलेले, आणि झोप लागेपर्यंत मुलाचा अंगठा त्याच कोपऱ्यात घातलेला. नव्या घरात आली की ती मळकी दिसते आणि कुणीतरी चांगल्या मनाने ती वॉशिंग मशिनमध्ये टाकतं. मग त्या रात्री कुणालाच झोप मिळत नाही, कारण तिचा वास गेलेला असतो. धुवायचीच तर मुलाला आदल्या दिवशी सांगावं. सकाळी लवकर, हाताने, जुन्या घरी वापरायचे त्याच साबणाने, दिवसभर कडक उन्हात, आणि दिवेलागणीच्या आत परत त्याच्या गादीवर. सुटलेला कोपरा शिवू नये. जून ते सप्टेंबर धुऊच नये. गोधडी आत ओलसर राहते आणि कुबट वास येतो. ऊन पडेल त्या दुपारी नुसती गच्चीवर घालून आणावी.